औषधी वनस्पतींतील रासायनिक भेद

एकाच जातीच्या निरनिराळ्या वनस्पतींत औषधी दृष्ट्या क्रियाशील असलेल्या घटकांचे प्रकार व प्रमाण यांत आढळणारा फरक. अल्कलॉइडे, ग्लायकोसाइडे, सॅपोनिने, टॅनिने, बाष्पनशील (उडून जाणारी) तेले इ. घटकांमुळे वनस्पतीला औषधी गुण येतात. त्यांची घडण दोन गोष्टींवर अवलंबून असते : आनुवंशिकता (पूर्वपिढीकडून आलेली जनुकांची संपत्ती) व पर्यावरण (जमीन, पाणी, प्रकाश, तापमान, कीड इत्यादी). स्थूलमानाने असे म्हणता येते की, कोणते संयुग बनविण्याची क्षमता वनस्पतीत आहे हे आनुवंशिकतेने ठरते व त्या क्षमतेपैकी किती प्रत्यक्षात उतरेल हे पुष्कळ अंशी पर्यावरणाने ठरते. हा फरक बाह्य रूपावरून सहसा ओळखता येत नाही. त्यामुळे वनस्पतीची जात अचूक ओळखली, तरी तिच्यापासून मिळणारे औषध अपेक्षित गुणाचे असेलच असे नाही.

या विषयाची बरीच उदाहरणे यवतमाळ जिल्ह्यात एकत्र पहावयास मिळतात. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यानच्या या प्रदेशात सागाचे प्राधान्य असलेली शुष्क पानझडी वने आहेत. जिल्ह्याच्या बऱ्याच भागात बेसाल्टापासून बनलेली जमीन असून पूर्वेकडे वणीच्या परिसरात मात्र चुनखडक व कोळशाचे थर असलेले खडक आढळतात. पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या काळात पडतो व उन्हाळा अतिशय कडक असतो. हिरडा, बेहडा, आवळा, बिब्बा, गुळवेल, शतावरी, सफेद मुसळी, कळलावी व रोशा गवत यांसारख्या औषधी वनस्पती येथे आढळतात. कोलाम, गोंड, आंध इ. आदिवासी जमातींना त्यांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्या आहे.

रोशा गवत : रोशा गवत किंवा तिखाडी (लॅ. सिंबोपोगॉन मार्टिनाय, कुल–ग्रॅमिनी) हे रासायनिक भेदाचे उत्कृष्ट उदाहरण आहे. विदर्भ, खानदेश व मध्य प्रदेशातील निमाड या भागांत ते रानटी वाढते. त्याच्या फुलोऱ्यापासून व पानांपासून ऊर्ध्वपातनाने बाष्पनशील तेल काढतात. हे तेल संधिवातावर व त्वचेच्या विकारांवर चोळण्यासाठी वापरतात. सुगंधी द्रव्यांच्या धंद्यातही त्याला मोठी मागणी आहे. पूर्वी हे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टँटिनोपलला जाई व तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीसाठी वापरले जाई. म्हणून यूरोपीय बाजारात त्याला ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे चुकीचे नाव पडले होते.

या गवताचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. त्यांच्या बाह्य लक्षणांत फारच थोडा फरक असतो. तेलात मात्र मोठा असतो. मोतियाच्या तेलात सामान्यतः ७५ ते ९० टक्के जिरॅनिऑल असून त्याला गुलाबासारखा वास येतो. सोफियाच्या तेलात जिरॅनिऑल बरेच कमी असते. लिमोनीन, पेरिलिल अल्कोहॉल यांसारखी संयुगे त्यात असून त्याचा वास उग्र असतो व त्याला किंमतही कमी येते. मोतिया बहुधा उघड्या, निचऱ्याच्या डोंगरउतारावर वाढते, तर सोफिया सखल व अधिक ओलसर जागी आढळते. त्यामुळे तेलातील फरक हा जागेचा परिणाम असावा, असे मानण्याकडे साहजिकच कल होता. ओटो स्टॅफ यांनी १९०६ मध्ये भारत व श्रीलंका येथील तेलयुक्त गवतांचे विस्तृत वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या काळात हे दोन्ही प्रकार एकाच जमिनीत शेजारी शेजारी लावून पाहण्यात आले. तेव्हाही प्रत्येकाने आपापला वास व तेलाची घडण कायम ठेवली. यावरून हा भेद मूलतः आनुवंशिक आहे हे स्पष्ट झाले. अशा आनुवंशिक भेदांना ‘रासायनिक प्रकार’ म्हणतात.

आनुवंशिकतेचे कार्य : वनस्पतीच्या कोशिकेतील प्रत्येक रासायनिक विक्रियेस विशिष्ट एंझाइम (विक्रियेस मदत करणारे प्रथिन) लागते व ते एंझाइम तयार करण्याची सूचना जनुकात असते. जिरॅनिल डायफॉस्फेट हे अनेक सुगंधी संयुगांचे सामाईक पूर्वद्रव्य आहे. त्यातील फॉस्फेटाचा भाग एका एंझाइमाने वेगळा केल्यास जिरॅनिऑल मिळते. दुसऱ्या एंझाइमाने त्याच रेणूचे वलय बनविल्यास लिमोनीन मिळते व त्यापासून पुढे पेरिलिल अल्कोहॉल बनू शकते. कोणत्या शाखेतील एंझाइम अधिक कार्यक्षम आहे, यावर तेलाची जात ठरते. थोड्याशा जनुकीय फरकाने संपूर्ण तेलाचे स्वरूप बदलू शकते, ते यामुळेच.

अश्वगंधेतही (लॅ. विथानिया सोम्निफेरा, कुल–सोलॅनेसी) असे भेद आहेत. इझ्राएलमध्ये या जातीचे विथॅनोलाइडांच्या घडणीवरून तीन रासायनिक प्रकार ओळखण्यात आले व भारतातील वनस्पतींत त्यांहून वेगळी घडण आढळली. याचे आर्थिक परिणाम किती दूरवर जातात, ते सिंकोनाच्या इतिहासावरून दिसते. चार्ल्स लेजर यांनी दक्षिण अमेरिकेतून पाठविलेले बी डच सरकारने १८६५ मध्ये विकत घेतले. त्यापासून जावात वाढलेल्या झाडांच्या सालीत क्विनिनाचे प्रमाण इतर लागवडींतील सालीच्या मानाने इतके अधिक निघाले की, क्विनिनाचा जागतिक व्यापार पुढे दीर्घकाळ जावाच्या हाती राहिला.

पर्यावरणाचा प्रभाव : औषधी घटकांपैकी बहुतेक दुय्यम चयापचयातून निर्माण होतात, म्हणजे ते वाढीस प्रत्यक्ष लागणारे नसून कीड, रोग, चरणारी जनावरे, तीव्र प्रकाश इत्यादींपासून संरक्षणास उपयोगी पडतात. म्हणून संकटकाळात त्यांचे प्रमाण पुष्कळदा वाढते. तंबाखूचे पान कुरतडले गेले की, त्याचा संकेत मुळांपर्यंत जाऊन तेथे अधिक निकोटीन तयार होते. सौम्य अवर्षणातही पुष्कळ वनस्पतींत क्रियाशील घटकांचे शेकडा प्रमाण वाढते. परंतु वाढ खुंटल्याने मुळे व पाने यांचे एकूण वजन घटते आणि दर हेक्टरी मिळणारे औषधी द्रव्य कमीही भरू शकते. शेकडा प्रमाण व एकूण उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांत गल्लत केल्यास लागवडीचा हिशोब चुकतो.

ऋतू व वनस्पतीचे वय यांचाही प्रभाव मोठा असतो. रोशा गवताच्या कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल ॲसिटेटाचे प्रमाण अधिक असते व फुलोरा पक्व होत जाताना त्याचे जिरॅनिऑलात रूपांतर होत जाते. त्यामुळे कापणी फार लवकर केल्यास अस्सल मोतियाचे तेलही उणे ठरते. देश व काळ यांचे हे महत्त्व प्राचीन वैद्यांच्या लक्षात आले होते. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी कोणत्या भूमीतून घ्यावी, तसेच मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात व साल, कंद आणि चीक शरदात गोळा करावेत, असे निर्देश आहेत. निंबावर चढलेली गुळवेल श्रेष्ठ मानण्याची वैद्यपरंपराही परिस्थितीच्या अशाच विचारातून आली आहे.

कारणांचे पृथक्करण : रानात आढळलेला फरक आनुवंशिक की परिस्थितिजन्य, हे केवळ निरीक्षणाने सांगता येत नाही. त्यासाठी निरनिराळ्या ठिकाणांहून आणलेल्या वनस्पती एकाच क्षेत्रात, सारख्या मशागतीत वाढवितात. तेथेही फरक टिकला, तर तो आनुवंशिक ठरतो. उलट एकाच वनस्पतीचे कंद किंवा ठोंब निरनिराळ्या ठिकाणी लावल्यास त्यांची जनुके सारखीच असल्याने दिसणारा फरक परिस्थितीचा असतो. कंदमुळांनी लावली जाणारी सफेद मुसळी (लॅ. क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम) या दुसऱ्या पद्धतीस सोयीची आहे. एका खोडापासून लावलेली मुसळी काळ्या चिकण जमिनीत व निचऱ्याच्या हलक्या जमिनीत वाढविली, तर मुळांच्या वजनातील व सॅपोनिनांतील फरक जमिनीच्या माथी मारता येतो. पुष्कळदा असेही दिसते की, एका ठिकाणी सरस ठरलेला वाण दुसऱ्या ठिकाणी मागे पडतो. याला आनुवंशिकता व पर्यावरण यांची ‘आंतरक्रिया’ म्हणतात. म्हणून लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्थेने रोशा गवताचे ‘तृष्णा’सारखे सुधारित वाण तयार केले असले, तरी नव्या प्रदेशात त्यांची स्थानिक चाचणी आवश्यक असते.

व्यावहारिक महत्त्व : रासायनिक भेदाची उपेक्षा रुग्णाला घातक ठरू शकते. कळलावीच्या (लॅ. ग्लोरिओसा सुपर्बा) कंदात व बियांत कॉल्चिसीन हे अल्कलॉइड असते. त्याची औषधी मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. अशा द्रव्याची मात्रा केवळ चूर्णाच्या वजनावर ठरविणे धोक्याचे असते, कारण दोन ठिकाणच्या सारख्याच वजनाच्या कंदांत कॉल्चिसीन सारखे असेलच असे नाही. यासाठी औषधिनिर्मितीत कच्च्या मालाचे रासायनिक विश्लेषण करून क्रियाशील घटकाचे प्रमाण ठरवून घेतात. अशा क्रियेस प्रमाणीकरण म्हणतात.

शेतकऱ्याचे नुकसान निराळ्या प्रकारे होते. रोशा गवताचे बी घेताना मोतियात सोफियाचे बी मिसळलेले असल्यास ते डोळ्यांना कळत नाही. तेल काढल्यावरच कळते आणि हे पीक बहुवर्षायू असल्याने ती चूक अनेक वर्षे शेतात राहते. खत किंवा पाणी देऊन ती सुधारता येत नाही. याउलट चांगल्या वाणाचा माल अवेळी काढला, दमट जागी साठविला किंवा उन्हात फार वेळ पसरून ठेवला, तर बियाण्याची गुणवत्ता वाया जाते.

रानातील संग्राहकांचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. सरस म्हणून ओळखल्या गेलेल्या टापूतील कंद व मुळे बी धरण्यापूर्वीच सरसकट खणून काढल्यास केवळ झाडांची संख्या घटत नाही, तर ते विशिष्ट संयुग बनविणारी जनुकसंपत्तीही नष्ट होते. तीच जात दुसरीकडे विपुल असली, तरी तिच्यामुळे ही हानी भरून निघतेच असे नाही. म्हणून औषधी वनस्पतींच्या संरक्षणात जातींच्या यादीबरोबरच जातींतर्गत रासायनिक प्रकारांची नोंद, त्यांच्या बियांचा व कंदांचा संग्रह आणि मूळ अधिवासातील काही क्षेत्रे राखून ठेवणे यांना महत्त्व दिले जाते.