गरोदरपणातलं बीपी आणि किडनी

दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांतच किडन्यांचं काम वाढतं. त्या एरवीच्या जवळपास दीडपट वेगानं रक्त गाळू लागतात, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन उतरतं आणि साधारण ०.४ ते ०.८ वर येतं. एरवी १ हा आकडा कुणाला खटकत नाही. गरोदर बाईच्या रिपोर्टवर मात्र तो दिसला तर डॉक्टरांना लगेच दाखवावा.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर जाऊ लागलं आणि लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. त्याची सुरुवात वारेपाशी होते. गर्भाशयातल्या रक्तवाहिन्या पुरेशा रुंदावल्या नाहीत, की वारेला रक्त कमी पडतं आणि ती काही घटक आईच्या रक्तात जास्त प्रमाणात सोडते. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर निरोगी ठेवणारं एक प्रथिन असतं. हे घटक नेमकं तेच अडवतात. अस्तर सुजतं, वाट अरुंद होते, रक्त कमी गाळलं जातं. त्याच वेळी गाळणी सैल पडून प्रथिनं लघवीत उतरतात. दिवसभरात ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं गेली, तर ते प्रमाण जास्त समजतात. क्रिएटिनिन १.१ च्या पुढे गेलं, तर आजार गंभीर धरतात.

पायांवरची सूज पुष्कळ गरोदर बायकांना येते, त्यामुळे तेवढ्यावरून निदान होत नाही. उलट सूज नसतानाही बीपी वाढलेलं असू शकतं. म्हणून प्रत्येक तपासणीला बीपी मोजून घ्यावं आणि लघवी तपासून घ्यावी. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला ही तपासणी मोफत होते. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, लघवी कमी होणं, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं बीपी आटोक्यात ठेवतात. मूळ आजार उतरतो तो वार बाहेर पडल्यावरच. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते किडनीवाटेच बाहेर पडतं, त्यामुळे लघवी किती होते यावर नर्स सतत लक्ष ठेवतात. बीपीच्या काही नेहमीच्या गोळ्या, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा टेल्मिसार्टन, गर्भाच्या किडनीला घातक असतात. आधीपासून बीपीची गोळी चालू असेल, तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून ती बदलून घ्यावी.

बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, तेव्हा घरी आल्यावरही ते मोजावं. तीन महिन्यांनंतरही लघवीत प्रथिनं दिसली, तर किडनीचा आधीपासूनचा आजार आहे का ते पाहायला हवं. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढच्या आयुष्यात बीपी, हृदयविकार आणि किडनीच्या आजाराचा धोका जास्त असतो. बाळाच्या लशींच्या तारखा घरातले सगळे लक्षात ठेवतात. आईच्या बीपी, लघवी आणि क्रिएटिनिनच्या तपासणीची तारीखही तितक्याच आठवणीनं पाळावी.