आडनावाचा शोध : आंबडवे ते परळ

आडनाव ही वरवर पाहता किरकोळ बाब वाटते. हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर, पगाराच्या पावतीवर ते असते आणि आपण ते न तपासता आयुष्यभर वापरतो. परंतु ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला, किंवा लिहिलाच नाही, त्या समाजाला असे करून चालणार नाही. आपल्या घराण्यांच्या बखरी नाहीत. गावच्या दप्तरात आपली नोंद झाली ती वेठीपुरती आणि वतनापुरती. अशा स्थितीत आडनाव हाच आपला एक दस्तऐवज ठरतो. तो कसा वाचावा, एवढेच मी येथे मांडणार आहे.

आजच्या अर्थाने आडनाव लावण्याची सक्ती आपल्याकडे फार जुनी नाही. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा कोरेगाव येथे लढाई झाली. तेथील स्तंभावर कोरलेल्या नावांत 'नाक' हा प्रत्यय असलेली बावीस नावे आहेत. 'नाक' हे 'नायक'चे रूप, असे काही जण म्हणतात. काही जण ते 'नाग' शब्दाशी जोडतात. व्युत्पत्ती कोणतीही माना, त्या प्रत्ययाने नाव उच्चारताच माणसाची जात कळत असे, ही गोष्ट उरतेच. पुढे महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर आले. सैन्यातून निवृत्त होऊन त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी उचलली. त्यांचे पूर्ण नाव गोपाळनाक विठ्ठलनाक वलंगकर. या एकाच नावात दोन काळ शेजारी उभे आहेत : जात सांगणारा 'नाक' आणि जात न सांगणारा 'कर'.

हा बदल कसा घडला, याचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे बाबासाहेबांचे आडनाव. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि घराण्याचे आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी आणि वडील रामजी दोघेही पलटणीत होते. रामजी सुभेदार झाले. १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला तोही महूच्या लष्करी छावणीत. निवृत्तीनंतर हे कुटुंब दापोलीस आणि तेथून साताऱ्यास आले. गावावरून 'आंबावडेकर' हे आडनाव लावले गेले. साताऱ्याच्या शाळेतील आंबेडकर नावाच्या शिक्षकांनी आपले सुटसुटीत आडनाव या विद्यार्थ्याला दिले, ही आठवण खुद्द बाबासाहेबांनी सांगितली आहे. त्या शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० च्या प्रवेशाची नोंद 'भिवा रामजी आंबेडकर' अशी आहे.

एका आडनावाचा हा केवढा प्रवास ! कोकणातले गाव, महूची छावणी, साताऱ्याची शाळा, आणि १९०४ च्या सुमारास मुंबईतली परळची डबक चाळ. १९१२ पासून परळचीच बी.आय.टी. चाळ आणि १९३४ साली दादरचे 'राजगृह'. सकपाळ हे आडनाव मागे राहिले. गाव मात्र आडनावात शिरून मुंबईपर्यंत आले.

हा मार्ग एकट्या आंबेडकर घराण्याचा नव्हे. कोकणातून आलेल्या असंख्य माणसांनी मुंबईत गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवले, आणि त्यांत सर्व जातींचे लोक होते. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना बुद्धचरित्र भेट देणारे कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे वेंगुर्ल्याकडच्या केळूसचे. गुरुजींची आणि या विद्यार्थ्याची ओळख झाली ती गिरगावातल्या चर्नी रोडच्या बागेत. केळूसचे केळुसकर आणि आंबडव्याचे आंबेडकर. आडनावाची घडण एकच, पण समाजाने दोघांना दिलेली जागा एक नव्हती. साठे हे आडनाव अण्णा भाऊंचे आणि चित्पावनांचेही. पवार हे दया पवारांचे आणि धारच्या राजांचेही. आडनावात रक्त नसते, हे सिद्ध करायला आणखी पुरावा कशाला हवा ?

मग आडनावाने जात कळत नसेल, तर जात पाळणारे थांबले काय ? मुळीच नाही. त्यांनी प्रश्न बदलला. परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या माझ्या पिढीला तो प्रश्न पाठ आहे. आधी 'गाव कोणतं ?' आणि लगेच 'वाडी कोणती ?' कोकणात वाडी सांगितली की जात सांगितल्यासारखेच असते. गिरणीतही हेच होते. विणखात्यात धोट्याची कांडी बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून त्या अधिक पगाराच्या खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता. १९२८ च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. साच्यावर माणूस उभा करताना त्याचे आडनाव नव्हे, त्याचे तोंड बाटलेले आहे की नाही, हे पाहिले जात होते.

नावाचा आणि सत्तेचा हा संबंध जगात इतरत्रही दिसतो. स्कॉटलंडमध्ये १६०३ साली सहाव्या जेम्स राजाच्या सरकारने 'मॅकग्रेगर' हे आडनावच बेकायदा ठरवले. ते लावणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. लोकांनी ड्रमंड, मरे, कॅम्पबेल अशी दुसरी आडनावे घेतली. ती बंदी कायमची उठली १७७४ साली. पण फरक ध्यानात घ्यावा. तेथे आडनाव टाकणारा माणूस शेजाऱ्यांत मिसळून जाऊ शके. येथे आडनाव बदलले तरी वाडी मागे लागते. स्कॉटलंडात राजाने नाव हिरावले. येथे नाव कोणतेही घ्या, माणूसपण हिरावलेले.

तरीही नाव बदलण्याचा आपला हक्क मी गौण मानत नाही. इतरांनी हिणवून ठेवलेले नाव टाकून स्वतः निवडलेले नाव घेणे ही आत्मसन्मानाचीच कृती आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर महारवाड्यांच्या बौद्धवाड्या झाल्या, त्यामागेही हीच प्रेरणा होती. वर्षानुवर्षे चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून निघणाऱ्या राजपत्रात नावबदलाच्या जाहिराती छापल्या गेल्या. त्यांतल्या प्रत्येक ओळीमागे कोणाचा तरी निर्णय आहे.

मात्र येथे एक व्यावहारिक धोका आहे आणि विद्यार्थ्यांनी तो जाणलाच पाहिजे. जातपडताळणी समिती अनुसूचित जातीच्या अर्जदाराकडे १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. पणजोबांच्या दाखल्यावर 'नाक', आजोबांच्या दाखल्यावर गावाचे नाव, वडिलांच्या दाखल्यावर तिसरेच काही, असे असेल तर दुवा तुटतो आणि हक्काची जागा हातची जाते. म्हणून शाळा सोडल्याचे दाखले, गिरणीची कागदपत्रे, राजपत्राची प्रत, गावचा जन्ममृत्यूचा उतारा हे सारे जपले पाहिजे. नाव बदला, पण जुन्या नावाचा कागद फाडू नका.

माझी कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना एक विनंती आहे. गिरण्यांच्या जागी मनोरे उभे राहिले आहेत, आणि बी.डी.डी. चाळीही त्याच वाटेने जात आहेत. त्या भिंतींबरोबर म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीही जातील. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातल्या वडीलधाऱ्यांना चार प्रश्न विचारावेत : आपले पूर्वीचे आडनाव कोणते ? हे आडनाव कोणी, केव्हा लावले ? गाव कोणते ? मुंबईत प्रथम कोण आणि कोणत्या कामावर आले ? उत्तरे वहीत लिहावीत. आजीचे माहेरचे नावही लिहावे, कारण कागदावर ते सर्वांत आधी पुसले जाते. अशा हजार वह्या जमल्या, तर आपला इतिहास कोणी लिहावा हा वाद उरणार नाही. तो आपणच लिहिलेला असेल.