आधी सांगावे की मागाहून?

विवाह ठरविताना आपल्याकडे किती गोष्टींची विचारपूस होते! कुल, गोत्र, पत्रिका, शिक्षण, मिळकत, फार काय, चष्म्याचा नंबरदेखील विचारला जातो. तथापि मनुष्याच्या मनात एखादा कप्पा असा असतो की, त्याविषयी विचारावे असे कोणास सुचत नाही; आणि ज्याचा तो असतो, त्यास आपण होऊन सांगण्याचा धीर होत नाही. पुरुषाने एकांतात, कोणास नकळत, स्त्रीवेष धारण करणे हा अशांपैकीच एक कप्पा होय. अशा पुरुषावर एखाद्या स्त्रीचे मन जडले, तर त्याने तिला हे केव्हा सांगावे आणि ऐकून तिने काय करावे? या प्रश्नाचा उघड ऊहापोह करणारा एक अमेरिकन बोलपट १९५३ साली निघाला. कलेच्या दृष्टीने तो अगदीच सुमार आहे. परंतु त्याची व त्याच्या कर्त्याची हकीकत आमच्या वाचकांनी जाणून घेण्याजोगी आहे.

‘ग्लेन ऑर ग्लेंडा’ हे या बोलपटाचे नाव, आणि एडवर्ड वुड हा त्याचा लेखक व दिग्दर्शक. १९५२ च्या डिसेंबरात ख्रिस्तीन जॉर्गेन्सन यांची वार्ता अमेरिकेतील वृत्तपत्रांत झळकली. पूर्वी सैन्यात नोकरी केलेल्या जॉर्गेन्सन यांनी डेन्मार्कमध्ये शस्त्रक्रिया करवून घेऊन स्त्री म्हणून जीवन आरंभिले होते. या खळबळीचा लाभ उठवावा या हेतूने जॉर्ज वाइस या निर्मात्याने बोलपट काढावयाचे ठरविले. वुडने मात्र त्यातील बराच मोठा भाग वेगळ्याच विषयास दिला. तो विषय त्याच्या स्वतःच्या जीवनातील होता. कारण वुड स्वतः स्त्रीवेषाचा भोक्ता होता आणि अंगोरा लोकरीच्या मऊ स्वेटरांची त्यास विशेष ओढ होती.

कथानक थोडक्यात असे आहे. ग्लेन नावाच्या तरुणाचा बार्बरा नामक युवतीशी वाङ्निश्चय झालेला आहे. तो स्त्रीवेष करतो हे तिला ठाऊक नाही. विवाहापूर्वी सांगितले तर ती सोडून जाईल, आणि विवाहानंतर कळले तर आपण फसविले गेलो असे तिला वाटेल, अशा कात्रीत तो सापडला आहे. त्याचे मन ठिकाणावर नाही हे बार्बरा ओळखते, परंतु अर्थ भलताच लावते. याच्या आयुष्यात दुसरी कोणी स्त्री आली असावी, अशी शंका तिला येते. ग्लेन आपल्या एका मित्राचा सल्ला घेतो. त्या मित्राचे गुपित त्याच्या पत्नीस अकस्मात कळले होते, आणि त्याचा संसार मोडला होता. तो अनुभव ऐकून ग्लेन बार्बरास सारे सांगून टाकतो. ती गोंधळते, व्याकूळ होते. हे आपणांस पूर्णपणे समजत नाही अशी प्रांजळ कबुली देते. आणि अखेरीस आपल्या अंगावरील अंगोरा स्वेटर काढून त्याच्या हाती ठेवते.

आता पडद्यामागची गोष्ट ऐकावी. ग्लेनची भूमिका वुडने डॅनियल डेव्हिस असे टोपणनाव घेऊन स्वतःच वठविली होती, आणि बार्बरा झाली होती डोलोरेस फुलर, जी प्रत्यक्ष जीवनातही त्याची प्रेयसी होती. पुढे फुलरबाईंनी सांगितले की, वुडच्या या सवयीची आपणांस आरंभी कल्पनाच नव्हती, आणि बोलपटात त्यास स्त्रीवेषात पाहून आपण शरमेने अर्धमेल्या झालो. ज्या पुरुषाने पडद्यावर ‘आधी सांगावे’ असा उपदेश केला, त्यानेच आपल्या प्रियेस आधी सांगितले नव्हते! १९५५ च्या सुमारास ती दोघे विभक्त झाली. त्याचे मद्यपान, तसेच पुढील एका बोलपटातील तिची मुख्य भूमिका त्याने दुसऱ्या नटीस दिली, ही त्याची कारणे होत. केवळ स्त्रीवेषामुळे ते नाते तुटले असे म्हणता येत नाही. परंतु उपदेश करणे किती सोपे आणि तोंड उघडणे किती अवघड, हे यावरून कळते.

ते अवघड का असते, हेही पाहिले पाहिजे. स्त्रीवेष हा अमेरिकेत केवळ चेष्टेचा विषय नव्हता. अनेक नगरांत तो अपराध होता. ओहायो संस्थानातील कोलंबस नगराने १८४८ साली, तर सॅन फ्रान्सिस्कोने १८६३ साली, दुसऱ्या लिंगाचा पोशाख करून लोकांत वावरण्यास बंदी केली. सॅन फ्रान्सिस्कोतील ही बंदी १९७४ पर्यंत टिकली. वुडच्या बोलपटाचा प्रारंभही अशाच कारणास्तव वारंवार तुरुंगात गेलेल्या एका मनुष्याच्या आत्महत्येने होतो. पकडले गेल्यास अब्रू, नोकरी व घर ही तिन्ही जाणार, अशा धास्तीत वाढलेले गुपित शय्यागृहाच्या दारातही सहजी उघडत नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. जर्मन वैद्य माग्नुस हिर्शफेल्ड यांनी १९१० साली या विषयावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी दाखवून दिले की, स्त्रीवेषाची आवड आणि पुरुषाविषयीचे आकर्षण या दोन भिन्न गोष्टी होत. असे कित्येक पुरुष स्त्रियांवरच प्रेम करणारे व विवाहित असतात. ज्यांस आपण अंतर्यामी स्त्रीच आहोत असे वाटते, त्यांची गोष्ट आणखी निराळी. वुडच्या बोलपटातही त्यांची कथा स्वतंत्रपणे सांगितली आहे. यास्तव ‘याचे माझ्यावर प्रेमच नव्हते’ असा निष्कर्ष पत्नीने तत्काळ काढणे बहुधा चुकीचे ठरते.

मात्र वुडचा बोलपट एके ठिकाणी वाट चुकला. शेवटी त्यातील मानसोपचारतज्ज्ञ असे आश्वासन देतो की, बार्बराच्या प्रेमाने ग्लेनची ही ओढ हळूहळू नाहीशी होईल. ‘लग्न झाले की येईल ताळ्यावर’ या आपल्याकडील जुन्या समजुतीचीच ही विलायती आवृत्ती होय! ही आवड विवाहाने बहुधा जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात तर स्त्रीवेषाच्या आवडीस विकार म्हणून स्थानच उरलेले नाही. बरे करण्याची अट घालून केलेला स्वीकार हा स्वीकार नव्हे. तो लांबणीवर टाकलेला नकार होय, आणि त्याचे ओझे उभयतांस वाहावे लागते.

वुडच्या जीवनात पुढे कॅथी ओ'हारा आली. त्याचा स्त्रीवेष तिला ठाऊक होता आणि तो तिने चालवून घेतला. त्यांचा संसार सुखाचा होता असे आम्ही म्हणणार नाही. दारिद्र्य व दारू यांनी तो पोखरून टाकला होता. १९७८ च्या डिसेंबरात त्यांना राहते घर सोडावे लागले, आणि थोड्याच दिवसांत, १० डिसेंबर रोजी, वुडचे निधन झाले. कॅथीने पुन्हा विवाह केला नाही. ती २००६ साली निवर्तली. एवढ्या वर्षांत त्या संसारास दारूने छळले, पैशाने छळले. स्वेटराने छळले नाही.

आमच्या मते या साऱ्या हकीकतीचे सार एवढेच. वस्त्र कोणते नेसले, यापेक्षा ते कोणापासून किती काळ लपविले, याची जखम खोल जाते. सांगणे हे पुरुषाचे कर्तव्य आहे, आणि तेही वचन देण्याघेण्यापूर्वी. कारण त्यानंतर तिच्या हाती निवडीचे स्वातंत्र्य उरत नाही. ऐकून घेतल्यावर ‘हे मला पेलणार नाही’ असे म्हणण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे, आणि तसे म्हटल्याने ती निष्ठुर ठरत नाही. परंतु उत्तर देण्यापूर्वी बार्बराप्रमाणे दोन प्रश्न विचारावे, थोडा वेळ घ्यावा, आणि विश्वासाने सांगितलेली गोष्ट चारचौघांत नेऊ नये. नकार देणारीनेही एवढे केले, तर त्या मनुष्यास पुन्हा कोणाजवळ खरे बोलण्याचा धीर होईल.