शेतांत सांपडलेलें पट्ट्याचें टोपण

इंग्लंडांतील नांगरलेल्या शेतांत कधीं कधीं बोटाएवढा, हिरवट गंज चढलेला धातूचा चपटा तुकडा सांपडतो. अजाण मनुष्य तो कचरा समजून फेंकून देईल. परंतु जाणता त्यास मध्ययुगांतील कमरपट्ट्याच्या टोंकाचें टोपण म्हणून ओळखतो. बुटाच्या नाडीच्या टोंकास जशी पत्र्याची नळी असते, तसाच याचा उपयोग. तेणेंकरून चामड्याचें टोंक झिजत नसे, तें बकलांतून सहज ओंवितां येई, आणि टोपणाच्या भारानें लोंबतें टोंक सरळ राही.

चौदाव्या व पंधराव्या शतकांतील पुष्कळ टोपणांची घडण पाहण्याजोगी आहे. तांब्याच्या मिश्रधातूचे दोन पातळ पत्रे समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्यें दुबेळक्याच्या आकाराचा एक तुकडा बसवीत. मधल्या खांचेंत चामडें सारून बारीक खिळ्यांनीं पक्कें करीत. खालीं ओक वृक्षाच्या फळासारखी एक गांठ शोभेकरितां ठेवीत.

त्या काळीं कपड्यांस खिसे शिवण्याची चाल नव्हती. सबब थैली व सुरी पट्ट्यासच अडकवीत. पट्ट्यावरून मनुष्याची पायरीही कळे. १३६३ सालच्या पोशाखाच्या कायद्यानें कारागिरांस सोन्यारुप्याचे पट्टे वापरण्याची मनाई केली होती. त्याच्याही पूर्वीं, १३२७ सालीं, तिसऱ्या एडवर्ड राजानें लंडनच्या पट्टे करणारांस सनद दिली. पट्ट्यांवर शिसें, कथील अशा हलक्या धातूंचें काम करून लोकांस फसवूं नये, असा तींत निर्बंध होता. तथापि थेम्स नदीच्या कांठीं झालेल्या उत्खननांत अशाच हलक्या धातूंचे पुष्कळ जिन्नस निघाले आहेत! यावरून कायदा असला तरी तो सर्वांनीं पाळला नाहीं, हें उघड होतें. कागदावर जें लिहिलेलें नाहीं, तें माती सांगते, तें असें.

परंतु माती केव्हां बोलते? वस्तु कोठें सांपडली हें ठाऊक असेल तेव्हांच. स्थळ विसरलें कीं वस्तु मुकी झाली. म्हणून इंग्लंड व वेल्स येथें १९९७ पासून अशा वस्तूंची नोंद ठेवण्याची योजना चालूं आहे, व तींत पंधरा लाखांहून अधिक वस्तु नोंदल्या गेल्या आहेत. सोनें अथवा रुपें नसलेलें एकटें टोपण तेथील १९९६ च्या निधीच्या कायद्याखालीं सहसा येत नाहीं. त्याची नोंद करणें न करणें हें सांपडविणाराच्या सचोटीवरच अवलंबून असतें. ज्यास त्यापासून एक पैचाही लाभ नाहीं, असा मनुष्य शेताच्या मालकाची परवानगी घेऊन शोध करितो, आणि सांपडलेली वस्तु व तिचें स्थळ प्रामाणिकपणें दाखवितो, ही आम्हांस मोठी गोष्ट वाटते.

विद्यार्थी मित्रहो, आपल्या देशांतही १८७८ चा निधीचा कायदा आहे. जमिनींत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तु सांपडल्यास कलेक्टरांस कळविणें त्याअन्वयें भाग आहे. मात्र जेथें कायद्याचा हात पोंहोंचत नाहीं, तेथेंही आपण स्थळ लिहून ठेवावें, वस्तु घांसूनपुसून चकचकीत करूं नये, आणि ती प्रथम शिक्षकांस अथवा वडील मंडळींस दाखवावी. जुनी वस्तु सांपडणें हा दैवयोग. ती जाणत्यांच्या हातीं देणें हें मात्र आपलें कर्तव्य होय.