चुडाव्याच्या मुलीला जनावरांचे काम शिकायचे आहे

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरचे छोटे स्टेशन म्हणजे चुडावा. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका घरी आम्ही गेलो, तेव्हा दावणीला दोनच उस्मानाबादी शेळ्या उरल्या होत्या. आठवड्यापूर्वी पाच होत्या. पहिल्या पावसानंतरचा कोवळा चारा अधाशासारखा खाऊन तीन शेळ्या रातोरात गेल्या. अम्मींना वाटले, कुणाची नजर लागली. वर्णन ऐकून आम्हांला तो आंत्रविषार वाटला. त्याची लस असते आणि ती पावसाळ्याआधी टोचून घ्यायची असते. घरात हे कुणालाच माहीत नव्हते. त्या शेळ्या विकून थोरल्या मुलीची कॉलेजची फी भरायची होती.

ती मुलगीच म्हणाली, "मला हेच शिकायचंय." अब्बा गप्प. अम्मींचा प्रश्न नेहमीचा: पोरीची जात, गाई-म्हशींमागे फिरणार का?

एक गोष्ट आधी समजून घेऊ. जनावरांचा डॉक्टर व्हायचे तर 'नीट' परीक्षा द्यावी लागते आणि पुढे साडेपाच वर्षांची पदवी. परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचे, म्हणजे चुडाव्याच्या मुलांना घरापासून जवळच. पण डॉक्टरांच्या हाताखाली काम करणाऱ्यांची वाट वेगळी आहे. त्यासाठी नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न विद्यालयांत पदविका असते. तिच्या प्रवेशाच्या अटी बदलत असतात, म्हणून शेजारच्या मुलाने सांगितले त्यावर विसंबू नका, यंदाची माहितीपत्रिकाच पाहा. कृत्रिम रेतनासाठी 'मैत्री' नावाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षणही आहे. एक महिना वर्गात, दोन महिने प्रत्यक्ष काम.

पदविका घेतली म्हणून डॉक्टर झालो, असे मात्र नाही. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी असे प्राथमिक उपचार पदविकाधारकाला करता येतात, तेही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. गावोगाव पिशवीत सुया घेऊन फिरणारे बरेच जण ही रेघ ओलांडतात. आमच्या मते मुलांना सर्वांत आधी हीच रेघ शिकवली पाहिजे.

शिकायचे काय काय असते? जनावर बोलत नाही, म्हणून हात आणि डोळे तयार करावे लागतात. ज्या तापात आपण आपल्या लेकराला दवाखान्यात नेतो, तो १०२-१०३ अंश फॅरनहाइटचा ताप शेळीच्या अंगात एरवीही असतो. डाव्या कुशीवर मूठ दाबून धरली की पोटाची हालचाल हाताला लागते. ती थांबली, रवंथ बंद झाली, तर समजावे. लस बर्फाच्या डब्यात २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली नाही तर टोचूनही उपयोग नाही. रेतमात्रा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये असतात, तिथे हातमोज्याशिवाय हात घालणारा पस्तावतो. दातांवरून वयही ओळखता येते. दुधाचे पुढचे दोन दात पडून मोठे दात आले, की बोकड वर्षाचा झाला असे साधारण धरतात. बकरी ईदच्या बाजारात हे ज्ञान किती घरांना हवे असते, ते आम्ही सांगायला नको!

मुलींसाठी आणखी एक दार आहे. 'उमेद' अभियानात बचत गटांतल्या बायका पशुसखी म्हणून शेळ्या सांभाळण्याचे शिक्षण घेतात. शेळी व्यायला अडली, की गावातली बाई पुरुषाआधी पशुसखीलाच हाक मारते. मग पोरीच्या जातीला हे जमायचे नाही, असे कसे म्हणावे?

एका गोष्टीची भीती मात्र खरी आहे. ब्रुसेला हा आजार जनावरांतून माणसांत येतो. गाभडलेल्या शेळीची वार उघड्या हातांनी उचलू नका, दूध उकळल्याशिवाय पिऊ नका. या रोगाची कालवडींना टोचायची लसही जिवंत जंतूंची असते, चुकून टोचणाऱ्याच्या हातात सुई गेली तर त्यालाच आजार जडू शकतो. शिकवणाऱ्याने हातमोजे दिले नाहीत, तर मुलीने मागावेत.

अब्बांनी तेवढ्यात उरलेल्या दोन शेळ्यांच्या लसीची चौकशी केली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन विचारा, आम्ही म्हणालो. परभणीची गाडी किती वाजता असते, ते मुलीला पाठच होते. तिला विचारायचे होते ते वसतिगृहाचे. पहिल्या दिवशी अम्मी सोबत येणार आहेत.