निवळलं म्हणजे शुद्ध झालं का?

परवा आम्ही वर्गात तीन पेले मांडले. एकात मीठ विरघळवलेलं पाणी, दुसऱ्यात अंगणातली माती कालवलेलं पाणी आणि तिसऱ्यात पाण्यात दुधाचे चार थेंब. ‘यातलं कुठलं पाणी गाळून स्वच्छ होईल?’ असं विचारलं. ‘तिन्ही!’ पहिल्या बाकावरून उत्तर आलं.

मग गाळणकागद घेतला. मातीचा चिखल कागदावर राहिला. दूध मात्र जसंच्या तसं खाली उतरलं. मीठही गेलं, गाळलेल्या पाण्याचा एक थेंब चाखला तर खारटच!

असं का? सगळा खेळ कणांच्या आकाराचा. मातीचे मोठे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षा मोठे असतात. ते तळाला बसतात, कागदात अडकतात. हे झालं निलंबन. मिठाचे कण मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही लहान, म्हणून ते द्रावण. या दोघांच्या मधले ते कलिल. दूध त्यातलंच.

आता खिडक्या लावून घेतल्या. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून टॉर्चचा झोत सोडला. मिठाच्या पाण्यात झोत दिसेना. दुधाच्या पाण्यात मात्र लख्ख पट्टा! कौलांच्या फटीतून येणाऱ्या कवडशात धूळ चमकते ना, तसंच इथं दुधाचे कण प्रकाश विखुरतात. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाच्या नावावरून याला टिंडल परिणाम म्हणतात.

गंमत म्हणजे मातीच्या गाळलेल्या पाण्यातही पट्टा दिसला! मातीचे अतिबारीक कण कागदातून निसटले होते. पावसाळ्यात गढूळ पाणी रात्रभर ठेवलं तरी निवळत नाही, ते यांच्यामुळेच. या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार एकमेकांना ढकलतो, म्हणून ते एकत्र येऊन खाली बसत नाहीत. तुरटी फिरवली की तिच्यातल्या अ‍ॅल्युमिनियमचा धन भार हे भांडण मिटवतो. कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि साका तळाला बसतो. आपल्या आज्यांना हे विद्युतभाराचं काही ठाऊक नव्हतं, पण उपाय अगदी बरोबर होता!

मात्र त्या साक्याबरोबर सगळेच रोगजंतू जात नाहीत. म्हणून पाणी उकळायचं. आणि जे विरघळलेलं असतं त्याचं काय? यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या कित्येक गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. रंग नाही, वास नाही, चव नाही. भारतीय मानकाप्रमाणे लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक. दुसरी सोयच नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त असलेलं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढं हाडंही वाकतात. हे फ्लोराइड फडक्यानं गाळून जात नाही, उकळून तर नाहीच. उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात ते जास्त दाट होतं! ते कळतं फक्त पाण्याच्या तपासणीत. पालकांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

तास संपताना पहिल्या बाकावरच्या त्याच मुलीनं मिठाच्या पाण्याचा पेला उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘बाई, आमच्या बोअरचं पाणी अगदी असंच दिसतं. ते कधी तपासलंय का, आज घरी विचारते.’’