उगमाच्या कुंडातला मासा

आंबोलीजवळ हिरण्यकेशी नदीचा उगम होतो, तिथल्या महादेव मंदिराच्या कुंडात एक चिमुकला मासा राहतो. २०२० मध्ये संशोधकांनी ही नवी प्रजाती असल्याचे दाखवून तिला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ नाव दिले. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कुंडासह २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ घोषित केला.

इतक्या लहान अधिवासातल्या माशाला पळायला दुसरी जागा नसते. साबणाचे पाणी, बाहेरून आणून सोडलेले मासे किंवा उगमाजवळचा पाणीउपसा, यांतली एक गोष्टही त्याच्या जिवावर बेतू शकते.

तुमच्या गावच्या झऱ्यात, कुंडात कोणते मासे आहेत? ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला सांगून लोक जैवविविधता नोंदवहीत त्यांची नोंद करून घ्या. संरक्षणाची मागणी करताना तीच नोंद हाताशी असते.